भगताने किती वेळ मासा राहावं?

ता. ११ जानेवारी १९५९, रविवार

आजपासून दैनंदिनी लिहायची. हौस आली म्हणून नव्हे, दुसरं काही करता येत नाही म्हणून. गाडीत कापूस तुडवायला मी स्वतः चढलो होतो. आमचा गडी दोधू खालून म्हणत होता, "मालक, मी तुडावस ना." मी म्हटलं, तुला काय कळतं तुडवण्यातलं! आणि त्याच क्षणी वरून खाली. उजव्या पायाची नडगी मोडली. चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात नेऊन मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. होळीपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही म्हणे. शेतात कापूस लोंबतोय, केळीला पाणी द्यायचंय, आणि मी खाटेवर पडून पाली बघतोय.

मुलगा धुळ्याला शिकतो. त्याला बोलवायचं नाही असं मीच सांगितलं. रोज सकाळी शेजारचा भटू येतो, मला पाठीवर घेऊन ओसरीवर आणतो, दिवस मावळला की आत नेतो. भटू माझ्याच वयाचा. आम्ही एकाच मास्तरांचा मार खाल्लाय, मला अजून 'रती' म्हणून हाक मारणारा गावात तो एकटाच. गेल्या श्रावणात त्याची जसोदाबाई तापाने गेली, मुलगी नवापूरला दिलेली, त्यामुळे त्याला घरी काही काम नसतं. माझी सोय झाली.

ता. १४ जानेवारी, संक्रांत

अनुसयाने तिळाचे लाडू दिले आणि वर म्हणाली, "तोंड गोड करा, निदान आज तरी." बायको आहे का कोण आहे!

ता. १८ जानेवारी, रविवार

एक नामी खेळ काढलाय. माझं डोकं पडल्या पडल्यासुद्धा चालतं, हे मला कबूल करावंच लागेल.

पाटावर खडूने नकाशा काढला. एक गाव, एक जंगल, एक किल्ला, मधून नदी. किल्ल्यातल्या राक्षसाने गावाची सगळी गुरं पळवून नेलीयत, ती सोडवून आणायची. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, आणि आपलं सोंग काय करतं ते तोंडाने सांगायचं. जमलं की फसलं ते कवड्या टाकून ठरायचं. गोष्ट मी सांगणार, राक्षस मी, पंचही मीच. खेळणारे दोघं. गावातला दुकानदार माणकचंद शेठ दुपारी गिऱ्हाईक नसतं म्हणून येतो. त्याने शिपाई घेतला. जन्मात विळा हातात धरला नाही, तलवार पाहिजे!

भटूला विचारलं, तर म्हणाला, "माले भगत दे. डोंगरमातला. जो जनावर व्हई जास."

सातपुड्यातल्या भगतांच्या तशा गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकतो. मला आवडलं. लगेच नियम केला: भगताला कोणतंही रूप घेता येईल. जाताना त्याने मूठभर उडीद सोबत्याच्या हातात द्यायचे. सोबत्याने ते अंगावर टाकले की तो पुन्हा माणूस.

ता. २० जानेवारी, मंगळवार

एवढा साधा नियम, आणि त्यावर दुपारभर वाद. भटूचा भगत बिबट्या झाला. लगेच शेठ, "त्यानं धोतर कोठे जास?"

मी म्हटलं, कातडीत मिसळतं.

"आनी पिशवीमातला गूळ?"

तोही मिसळतो.

"म्हनजे बिबट्या गोड लागी!" शेठ पोट धरून हसला. मी म्हटलं, शेठ, बिबट्याला कोणी चाटत नाही. मग पुढचा प्रश्न, बिबट्याला बोलता येतं का? मी सांगितलं, नाही. शेठ म्हणे, पोपट बोलतो. मी म्हटलं, पोपट झाला तर पोपटापुरतं बोलेल. शेवटी अनुसया आतून ओरडली, "गुरं राक्षसकडेच मरी जातीन, तुम्हना वाद सरावना नही!"

भटू हसला नाही. त्याने एकच विचारलं, "जनावर व्हयना का त्याले मागलं याद ऱ्हास का?"

खोलवर विचार करण्यासारखा प्रश्न होता. मी नियम दिला: सुरुवातीला राहते, पण जितका जास्त वेळ जनावर, तितकं कमी आठवतं. भटूने मान डोलावली. नियम चांगलाच होता.

ता. २३ जानेवारी, शुक्रवार

भटूने त्याची बैलजोडी आमच्या गोठ्यात आणून बांधली. म्हणाला, थोडे दिवस राहू दे, दोधू वैरण घालेल ना? मी म्हटलं, घालेल की. बैल देखणे आहेत. अनुसयाला जसोदाबाईचा तांब्याचा हंडाही देऊन गेला, घरात नुसता पडून आहे म्हणाला. माणूस हळूहळू शहाणा होतोय. रिकाम्या घरात एवढं सामान कशाला?

अनुसयाने हंडा घासला नाही, आत नेऊन उपडा घातला. मी विचारलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." बायकांच्या मनात काय चालतं ते कळत नाही.

ता. २७ जानेवारी, मंगळवार

आज मी चिडलो. आणि चिडलो ते योग्यच होतं.

शिपाई आणि भगत नदीकाठी पोचले. पलीकडे किल्ला. भटू म्हणाला, मी मासा होतो, नदी ओलांडतो. ठीक. मी म्हटलं, उडीद दे शेठकडे. भटूने उडीद मुठीत घेतले आणि बसून राहिला.

"कोनाले देऊ?"

"अरे, शेठ समोर बसलाय ना!"

"ज्या मानसले परत आनानी गरज शे, त्याले देवाना असतस." असं म्हणून त्याने उडीद स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात घातले.

शेठ माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, भटू, हे चालणार नाही, माशाला खिसा नसतो. धोतर कातडीत मिसळतं असं एकदा ठरलंय. तर भटू म्हणाला, "मंग ऱ्हाऊ दे मासाच."

आणि राहिला! शेठ एकटा किल्ल्यावर चढून गेला, राक्षसाच्या पहारेकऱ्यांनी त्याला झोडपला, आणि भटू नदीत. त्याची पाळी आली की म्हणायचा, "मी पान्यामा शे." कवड्यासुद्धा हातात घेईना. नियमात एवढी मोठी फट राहिली कशी, याचंच मला वाईट वाटतंय.

ता. ३० जानेवारी, शुक्रवार

अजून मासाच.

आज त्याने विचारलं, मासा मेला तर भगत मरतो का? शेठ म्हणाला, नाही, माणूस होऊन काठावर येऊन पडतो. मी म्हटलं, तसं असेल तर कोणी मरायला भिणारच नाही, मजाच गेली. मासा मेला की भगतही मेला. असा नियम केला.

अनुसया पाणी द्यायला आली होती. तिच्या हातातून फुलपात्र निसटून प्लास्टरवर पाणी सांडलं. मी ओरडलो. ती भटूला म्हणाली, "भटूभाऊ, आज आठेच जेवा." तो म्हणाला, भूक नाही. मग कशाला आग्रह करायचा?

ता. २ फेब्रुवारी, सोमवार

शेवटी मी फट बुजवली. सगळ्यांसमोर नियम वाचून दाखवला: दिवस मावळला की कोणतंही रूप आपोआप उतरतं. उडीद असोत नसोत. भगत माणूस होऊन काठावर, ओल्या धोतराने.

शेठने लगेच मान्य केलं, त्याला मदत हवी होती. भटू मात्र पाटाकडे बघत राहिला. म्हणाला, "रोज?"

"रोज," मी म्हटलं.

"मंग माले खेळनं नही."

उठला आणि गेला. मला ओसरीवरच ठेवून! अंधार पडल्यावर दोधूने आत नेलं, तेही कापसाचं गाठोडं टाकावं तसं. भिंतीला कोपर घासलं. एका खेळाच्या नियमावर पन्नाशीला टेकलेला माणूस रुसतो म्हणजे काय! मी समजूत घालायला जाणार नाही. जाताही येत नाही म्हणा.

ता. ३ फेब्रुवारी

आला नाही.

ता. ५ फेब्रुवारी, गुरुवार

आजही नाही. दोधूला उचलताच येत नाही. एका काखेत धरतो, एका काखेत सोडून देतो. मी म्हटलं, ओसरीच नको, आतच पडतो. शेठ येऊन गेला, पण दोघांत खेळ होत नाही. मी पाट भिंतीला टेकवून ठेवायला सांगितला.

भटू उचलायचा तेव्हा कसा वाकायचा, कुठे हात धरायचा, हे कधी बघितलंच नव्हतं. पायाला कधी कळ आली नाही एवढं खरं.

ता. ७ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते सगळं लिहायचं ठरवलंय, माझी त्यात शोभा नसली तरी.

सकाळी मी अनुसयाला म्हटलं, एवढ्याशा नियमासाठी भटूने अबोला धरावा हे बरं नाही. तिने हातातली परात खाली आदळली. पंचवीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर अशी कधी तुटून पडली नव्हती.

"तुम्हले फक्त नियम दिखतस! मानूस दिखत नही! त्याना चुल्हा कवय पेटस, माहीत शे तुम्हले? मी भाकर धाडस, ती तशीच कुत्राले जास. बैल कोन देस, सांगा माले? नांगरटीना दिन मव्हरे उभा शेतस आनी शेतकरी आपला बैल दुसराना गोठामा बांधस? जसोदाना हंडा दिधा. पोरीले दागिना पोचता करना. रोज दिन मावळाले तापीवर जाई बठस. आनी तुम्ही त्याले सांगतस, मासा मरना का भगत मरना!"

मी म्हटलं, ते खेळातलं आहे गं.

"त्याले ईचारा, खेळमातलं शे का," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

आम्ही पोहायला शिकलो त्या तापीत. ती कुठे किती खोल आहे, हे भटूइतकं गावात कोणाला माहीत नाही.

दोधूला गाडी जुंपायला लावली. बैल भटूचेच, तेच मोकळे होते. गाडीत कडबा पसरून, त्यावर गोधडी घालून मला चढवलं. रस्ताभर प्रत्येक खड्ड्याला पाय बोंबलत होता आणि मी दोधूला म्हणत होतो, हाण, हाण.

उन्हं अजून होती. भटू पाण्याजवळच्या दगडावर बसला होता, पाय पाण्यात. बैलांनी त्याला ओळखलं, हंबरले. त्याने वळून पाहिलं, पण उठला नाही. गाडी वाळूत रुतेल म्हणून दोधूने वरच थांबवली. आता मला उतरता येईना आणि भटू येईना. मी तिथूनच ओरडलो, "भटू, तो नियम मी काढी टाकना!"

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "बरोबर व्हता."

"कसाना बरोबर! इकडे ये."

तो आला, पण गाडीपासून लांबच उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. समोर बसून खेळत होता तेव्हा मला हे दिसलं कसं नाही? मी म्हटलं, भटू, तुझ्या मनात काय आहे? तो नदीकडे बघत बोलला, मोठ्याने नाही, पण मला सगळं ऐकू आलं.

"मासा व्हयना का माले काही याद येत नही, रती. तुन्हा ओसरीवर बठीसन दोन घटका डोकं रिकामं ऱ्हाये. घर गया का ती शे. चुल्हाजोगे शे, दारमा शे. दिन मावळना का परत मानूस व्हा म्हने तू. मानूस व्हयीसन करू काय?"

काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. देवाचं, धीराचं, मुलीचं नाव घ्यायला हवं होतं. पण रस्त्यातल्या धक्क्यांनी मला लघवीची अशी घाई झाली होती की बस. दोधू बैल सोडून पाणी पाजायला गेला होता.

मी म्हटलं, "करू काय म्हनजे? माले उतराव पहिले. माले घाई व्हयनी. तो दोधू माले पाडी टाकस. तू गया ते माले कोन उचली?"

असल्या वेळी असलं बोलणं! माझी मलाच लाज वाटली. पण भटू पुढे आला, पाठ वाकवली, म्हणाला, "मान धर." मी त्याची मान धरली. बाभळीआड नेऊन त्याने मला एका पायावर उभं धरलं, मागून दोन्ही हात घालून. माझं आवरलं तरी त्याने सोडलं नाही. माझ्या पाठीला त्याचं डोकं टेकलेलं होतं आणि तो हुंदके देत होता. मी झाडाला धरून उभा राहिलो. पाय भयंकर दुखत होता, पण बस म्हणवेना.

परत येताना गाडी भटूने हाकली.

ता. ८ फेब्रुवारी, रविवार

भटू सकाळी आला, मला ओसरीवर आणलं. दुपारी शेठ आला, पाट मांडला. मी जाहीर केलं: भगताने हवा तितका वेळ मासा राहावं. मुदत नाही.

शेठ म्हणाला, "आनी मी एकलाच मार खाऊ?" तेवढ्यात अनुसया बाहेर आली. म्हणाली, माझाही एक नियम घाला. मी म्हटलं, तू खेळत नाहीस. ती म्हणाली, भाकरी मी थापते की नाही? मग घाला. तिचा नियम असा: जनावर झालं तरी त्याला दोन वेळ खावं लागतं, आणि माशाच्या वाटचं भगताने खायचं, इथे, तिच्यासमोर.

शेठने बोट वर केलं. "मासाले कळण्यानी भाकर चालस का?"

"चालस," अनुसया म्हणाली.

तिने ज्वारी-उडदाच्या त्या भाकरीचं ताट आणून ठेवलं. भटूने अर्धीच खाल्ली, पण खाल्ली. मग खिशातले उडीद काढून तिच्या हातात दिले. तिने ते पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले.

ता. १९ फेब्रुवारी, गुरुवार

भगत नदीतून बाहेर आला! आपण होऊन. शेठच्या शिपायाला राक्षसाने खांबाला बांधलं होतं, आणि शेठ अशा केविलवाण्या आवाजात "भगत, ओ भगत" करत होता की भटूला हसू आलं. अनुसयाने गाठ सोडून उडीद टाकले, निम्मे माझ्या प्लास्टरात गेले. आता आत टोचतायत. बाकी दिवस चांगला.

ता. ३ मार्च, मंगळवार

भटूने सकाळी त्याच्या शेतात नांगर घातला. संध्याकाळी बैल परत आमच्याच गोठ्यात. जेवण दोन्ही वेळ इथे. कधी कधी मधेच बोलणं तुटतं आणि तो दाराकडे बघत बसतो. मग मी म्हणतो, भटू, पाठ अवघडली, जरा उठवून बसव. तो उठवून बसवतो.

ता. १७ मार्च, मंगळवार

चिंचपाड्याला जाऊन आलो. सोबत माणकचंद शेठ, त्याला नवापूरला काम होतं. प्लास्टर कापलं. आतून पाय निघाला तो केळीच्या सोपटासारखा पांढरा, आणि उडीद. डॉक्टर हसले. म्हणाले, हाड उत्तम जुळलंय, आता चाला, जितकं चालाल तितकं बरं. मी दवाखान्याच्या पडवीत चालून पाहिलं. जरा लचकत, पण चाललो. शेठने टाळी वाजवली.

आगगाडीत बसल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला भीती वाटली. मी चालायला लागलो तर भटू सकाळी कशासाठी उठेल?

शेठला म्हटलं, गावात काही बोलू नका. तो म्हणाला, "माशाच्या खिशावरून चार दिवस भांडणारे तुम्ही!" मी म्हटलं, खेळ वेगळा. आणि डॉक्टर लोक घाईही करतात. हाड आपलं आहे, आपण सांभाळावं. शेठने खिडकीबाहेर तोंड केलं.

ता. १८ मार्च, बुधवार

भटू नेहमीच्या वेळी आला. "काय म्हने डॉक्टर?"

मी म्हटलं, "पाहू म्हने." हे काही अगदी खोटं नव्हे.

त्याने पाठ वाकवली. मी मान धरली. अनुसया चुलीपाशी होती, तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ता. २० मार्च, शुक्रवार

आज जरा घोटाळा झाला. दुपारी ओसरीवर कोणी नव्हतं, तर गोठ्यापर्यंत जाऊन आलो. परतताना समोर भटू. मी लगेच भिंतीला धरलं, कण्हलो, आणि लंगडत लंगडत, दर पावलाला आई आई करत, खाटेपर्यंत आलो. घामच फुटला. पण निभावलं असं वाटलं.

दिवस मावळल्यावर भटूने रोजच्यासारखं मला पाठीवर घेतलं, आत आणलं, हळूच खाटेवर ठेवलं, पायावर गोधडी टाकली. दाराशी जाऊन थांबला.

"सकायमा येस मी," तो म्हणाला. "पन रती, मोडेल तुन्हा उजवा पाय शे. दुपारले तू डावा पायवर लंगडी ऱ्हायंता."